नाम लोल्वेच्या काठी: व्हिक्टोरिया सरोवर, तिथले मासेमार आणि मासळीचा वाटा

लेखक: संथपाणी

नोकरीच्या निमित्ताने गेली दोन वर्षे मी नैरोबीत राहतो आहे. मायदेशातून मसाई मारा पाहायला येणाऱ्या मंडळींची सोय लावून देण्याचे काम अधूनमधून माझ्याकडे येते, आणि दर वेळी एक गोष्ट मनाला लागते. माराहून एका दिवसाच्या रस्त्यावर आफ्रिकेतले सर्वांत मोठे सरोवर आहे, पण तिकडे सहसा कोणी वळत नाही. यंदा फेब्रुवारीत अमावास्येच्या पुढेमागे रजा काढून मी किसुमू, डुंगा, लुआंडा कोटिएनो आणि म्बिटा असा पाच दिवसांचा प्रवास केला. तिथे काय पाहिले, ते सविस्तर लिहावे म्हणून हा धागा काढतो आहे.

प्रथम आकार सांगतो, कारण ‘सरोवर’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रंकाळा किंवा फार तर कोयनेचा शिवसागर येतो. व्हिक्टोरिया सरोवराचे क्षेत्रफळ सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून थोडे अधिकच. त्यातला जवळजवळ निम्मा भाग टांझानियात, त्याहून काहीसा कमी युगांडात आणि जेमतेम सहा टक्के केनियात येतो. एवढ्या पसाऱ्याच्या मानाने ते फार उथळ आहे. सर्वांत खोल जागीही तळ ८० मीटरच्या आसपास लागतो. १८५८ साली स्पीक या इंग्रज प्रवाशाने आपल्या राणीचे नाव त्याला दिले, परंतु काठावरचे लुओ लोक त्याला नाम लोल्वे म्हणतात आणि युगांडातले गांडा लोक नालुबाले म्हणतात. डुंग्याच्या किनाऱ्यावर ‘व्हिक्टोरिया’ हे नाव मी पर्यटकांच्या तोंडूनच काय ते ऐकले.

किसुमू हे केनियाच्या बाजूचे मोठे बंदर आहे. मोंबासाहून निघालेली रेल्वे १९०१ च्या डिसेंबरात इथे पाण्याला टेकली, तेव्हा या जागेला पोर्ट फ्लॉरेन्स म्हणत. ती रेल्वे बांधण्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर आणले गेले आणि त्यांतले सुमारे २,५०० या कामावर मरण पावले. त्यांच्यामागून आलेल्या व्यापाऱ्यांची वस्ती शहरात आजही आहे. इथल्या स्वाहिलीत दुकानाला ‘दुका’ आणि मोटारीला ‘गारी’ म्हणतात, चपातीला तर चपातीच म्हणतात. त्यामुळे पहिल्याच दिवशी परकेपणा बराचसा ओसरतो.

शहराच्या दक्षिणेला डुंगा आहे. केनियात मासळी उतरवण्याच्या प्रत्येक जागेला ‘बीच’ म्हणतात आणि २००७ च्या नियमांनुसार प्रत्येक बीचवर मासेमार, नावमालक आणि विक्रेत्यांची मिळून एक व्यवस्थापन समिती असते. आपण तिथे पोहोचलो की प्रथम त्या समितीच्या खोलीवर जावे, आपण कोण आणि कशासाठी आलो ते सांगावे, ठरलेले शुल्क भरून पावती घ्यावी आणि मगच वाळूवर पाऊल टाकावे. हे मी आग्रहाने लिहितो आहे. तो किनारा त्यांच्या कामाची जागा आहे, आणि भल्या पहाटे कामात असलेल्या माणसाच्या तोंडापुढे न विचारता कॅमेरा धरणे जितके ससून डॉकवर वाईट, तितकेच तिथेही वाईट.

भल्या पहाटे मी पोहोचलो तेव्हा पूर्वेकडे जेमतेम फटफटले होते. आपल्या कोकणात जे मतलई वारे, तेच इथे रात्री जमिनीवरून पाण्याकडे वाहतात आणि दुपारी दिशा फिरवतात. दुपारच्या वाऱ्याला मात्र खारे वारे म्हणता येत नाही, कारण पाणी गोडे आहे. शिडाच्या होड्या या वाऱ्यावर रात्री बाहेर पडतात आणि दिवसा परत येतात. इंजिनवाल्यांना वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही, परंतु पेट्रोलचा खर्च रात्रीच्या कमाईतून आधी वळता होतो. होड्या फळ्यांच्या, लांबट आणि टोकदार असतात. बहुतेकींच्या कुशीवर रंगीत पट्टे आणि बायबलमधले एखादे वचन रंगवलेले असते.

पहिली होडी लागली तेव्हा तीत चार माणसे आणि सात मासे होते. मासे मोजता येत होते, हेच मला विशेष वाटले. मासा होता म्बुटा, म्हणजे नाईल पर्च. रुपेरी, जाड पाठीचा, डोळ्यांत उजेड पडला की पिवळट चमकणारा. हा मासा दोन मीटरपर्यंत वाढू शकतो, पण त्या सकाळी आलेल्यांतला सर्वांत मोठा माझ्या हाताएवढा होता. काठावर दलालाचा माणूस स्प्रिंगचा काटा घेऊन उभा होता, मागे बर्फ भरलेला ट्रक होता. मासा काट्याला लागायचा, वजन वहीत उतरायचे आणि मासा लगेच बर्फात जायचा. पैसे हातात पडताना मला दिसले नाहीत. दुपारी एका वयस्क मासेमाराने कारण सांगितले: जाळे आणि इंजिन दलालाच्या उसनवारीतून आलेले असते, म्हणून मासा दुसऱ्या कोणाला विकता येत नाही आणि भाव दलाल म्हणेल तो. आपल्या किनाऱ्यावर व्यापाऱ्याची आगाऊ रक्कम उचललेल्या नाखव्याची जी गत होते, तीच ही.

म्बुटा या सरोवरातला मूळचा मासा नाही. १९५० च्या दशकात वसाहतीच्या काळातल्या अधिकाऱ्यांनी तो इथे सोडला. लहान आणि काटेरी माशांचे रूपांतर मोठ्या, विकाऊ माशात व्हावे असा त्यांचा विचार होता. वीस-पंचवीस वर्षे फारसे काही दिसले नाही. १९८० च्या दशकात मात्र तो एकाएकी बेसुमार वाढला. लुओ लोक ज्यांना ‘फुलू’ म्हणतात त्या चिमुकल्या माशांच्या सुमारे ५०० जाती या एकाच सरोवरात होत्या, जगात दुसरीकडे कुठेही नव्हत्या, आणि त्यांतल्या २०० हून अधिक काही वर्षांतच दिसेनाशा झाल्या. त्यांतल्या कित्येक शेवाळ खाऊन पाणी स्वच्छ ठेवणाऱ्या होत्या. त्या गेल्या, शेतांतून आणि शहरांतून खत-सांडपाणी येतच राहिले, आणि पाणी हिरवे होत गेले. म्बुट्याच्या अंगात चरबी फार असल्याने तो उन्हात वाळत नाही, धुरावरच धरावा लागतो. म्हणून त्याच्याबरोबर काठावरची आणि बेटांवरची झाडेही सरपणाला गेली.

आता त्या ट्रकमधल्या माशाचे पुढे काय होते, ते सांगतो. कारखान्यात त्याच्या दोन्ही बाजूंचे मांस काढून गोठवतात आणि ते परदेशी, मुख्यतः युरोपात, जाते. पोटातला हवेचा फुगा वेगळा काढून वाळवतात. तो चीनच्या बाजारात वजनामागे मांसाहून कितीतरी अधिक किमतीला विकला जातो. उरते डोके, पाठीचा कणा आणि शेपूट. हा सांगाडा पोत्यांत भरून परत किसुमूत येतो आणि त्याला स्वाहिलीत ‘म्गोंगो वाझी’, म्हणजे उघडी पाठ, म्हणतात. रस्त्याकडेला एका मामाने (इथे मोठ्या बाईला आदराने मामा म्हणतात) कढईसमोर बसवून मला तो खाऊ घातला. तिची सुरी घासून घासून बोटाएवढी अरुंद झाली होती. कण्याला चिकटलेला मांसाचा पापुद्रा तुटू नये म्हणून ती मणक्यांच्या मधून चीर द्यायची, डोके उभे फोडायची आणि तेलात सोडण्याआधी गालाचा मऊ तुकडा बोटाने चाचपून पाहायची. “गिऱ्हाईक इथूनच खायला सुरुवात करते,” ती म्हणाली. चव उत्तम होती. परंतु ज्या सरोवरातून तो मासा निघाला, त्याच्याच काठावरच्या माणसाला त्याची हाडे विकत घ्यावी लागतात, ही गोष्ट त्या चवीसकट माझ्या मनात राहिली आहे.

लुआंडा कोटिएनोहून फेरीबोटीने म्बिट्याला गेलो. म्बिट्याची रात्र मी विसरणार नाही. ओमेना नावाची बोटभर लांबीची चंदेरी मासळी अंधाऱ्या रात्री दिव्याला जमते, म्हणून अमावास्येच्या सुमारास शेकडो दिवे पाण्यावर तरंगत असतात आणि क्षितिजावर दुसरे एखादे शहर वसल्यासारखे दिसते. पूर्वी कंदील असत, आता बॅटरीचे दिवे आले आहेत. उजाडता उजाडता होड्या परतल्या आणि किनारा एकदम बायकांचा झाला. जुनी जाळी वाळूवर अंथरलेली होती, त्यांवर ओमेना ओतून तळव्यांनी पसरायचा, तासाभराने उलटायचा, पुन्हा पसरायचा. वास अगदी आपल्या सुकटीचा. कडक ऊन पडले तर संध्याकाळपर्यंत माल तयार होतो. पाऊस आला तर तोच माल कोंबड्यांच्या खाद्याला कमी भावात जातो. विकताना ‘गोरोगोरो’ म्हणजे पत्र्याचा डबा हे माप असते, आणि डबा शिगोशीग भरून वर आणखी एक मूठ टाकली नाही तर गिऱ्हाईक हलत नाही.

रुसिंगा बेट म्बिट्याला लागूनच आहे. तिथे टॉम म्बोया या १९६९ साली हत्या झालेल्या केनियाच्या नेत्याची समाधी आहे, आणि १९४८ साली मेरी लीकी यांना प्रोकॉन्सल या प्राचीन वानराची कवटी याच बेटावर सापडली. दोन्ही ठिकाणी मी थोडाच वेळ थांबलो, कारण माझे सारे लक्ष किनाऱ्यावर होते.

एक चूक माझ्या हातून झाली, ती सांगणे आवश्यक आहे. एका छोट्या नाववाल्याबरोबर मी जीवरक्षक जाकीट न मागता दुपारी निघालो. परतताना अर्ध्या वाटेत वारा फिरला, लाटा आखूड आणि उभ्या झाल्या आणि पाणी होडीत येऊ लागले. आम्ही दोघे डब्यांनी पाणी उपसत कसेबसे काठाला लागलो. समुद्रावर वाढलेल्या माणसालाही हे पाणी फसवते, कारण ते दिसते तळ्यासारखे. सकाळी जा, जाकीट असेल तरच बसा.

प्रतिसाद

खाडीपलीकडे:
लेख फार आवडला. आमचे घराणे अलिबागच्या बाजूचे, पिढ्यान् पिढ्या मासेमारीचे. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आपल्याकडे प्रकाशझोतावर मासळी पकडण्यावर बंदी आहे आणि एलईडी लावणाऱ्या मोठ्या नौकांमुळे लहान मच्छीमाराचे जे नुकसान होते ते आम्ही सोसतो आहोत. तिथे दिव्यावरची मासेमारी राजरोस कशी चालते? आणि आपल्या १ जून ते ३१ जुलैसारखी बंदी तिथे आहे का?

संथपाणी:
बंदी आहे, दादा, आणि ती आपल्यापेक्षा लांब आहे. केनियाच्या पाण्यात १ एप्रिल ते ३१ जुलै ओमेना पकडता येत नाही. ते त्याच्या वाढीचे महिने मानले जातात. दिव्याबाबत मला जे कळले ते असे, की ओमेनासाठी दिवा लावणे ही तिथल्या लहान मच्छीमाराचीच रीत आहे. आपल्याकडे दिवा मोठ्या नौकेच्या हातात गेला आणि लहानाची मासळी त्याने ओढून नेली. तिथे एका होडीत चार माणसे आणि दोन-तीन दिवे असतात. भांडण दिव्यापेक्षा जाळ्याच्या डोळ्यावर आहे. बारीक डोळ्याच्या जाळ्यात म्बुट्याची पिल्लेही सापडतात आणि पुढच्या वर्षीचा मासा आजच कोंबड्यांच्या खाद्यात जातो.

खाडीपलीकडे:
बंदीच्या काळात त्या बायका काय करतात?

संथपाणी:
काही जणी शेतावर जातात, काही साठवलेला माल थोडा थोडा विकतात, काही दुसऱ्या माशाच्या व्यापारात शिरतात. चार महिने सरकारी मदतीवाचून काढावे लागतात, असे मला तिघींनी वेगवेगळे सांगितले.

उजनीकाठची:
तुमच्या लेखातला म्बुटा वाचताना मला आमची चिलापी आठवली. मी इंदापूर तालुक्यातली. भिगवणच्या ताटात आज जी चिलापी येते ती मुळात आफ्रिकेतलीच तिलापिया. ती १९५२ साली भारतात आणली गेली. उजनीच्या जाळ्यात आज तिचाच भरणा असतो. माझे आजोबा मासे ओळखताना जी नावे घेत, त्यांतली निम्मी माझ्या भावाने कधी पाहिलेलीही नाहीत. त्या सरोवरातही तिलापिया आहेच ना?

संथपाणी:
आहे, ताई, आणि तिचीही गोष्ट अशीच आहे. सरोवराची स्वतःची तिलापिया होती, तिला लुओ लोक ‘न्गेगे’ म्हणत आणि पाहुण्याला वाढायचा मासा तोच. पुढे नाईल तिलापिया बाहेरून सोडली गेली, मूळची न्गेगे जवळजवळ नाहीशी झाली आणि आता त्या पाहुणीलाच लोक न्गेगे म्हणतात. नाव राहिले आणि मासा बदलला. शिवाय सध्या किसुमूलगतच्या विनाम आखातात पिंजरे टाकून तिलापिया वाढवली जाते, तरीही किसुमूच्या बाजारात चीनहून आलेली गोठवलेली तिलापिया स्वस्तात मिळते आणि काठावरच्या विक्रेतीला तिच्याशी स्पर्धा करावी लागते.

उजनीकाठची:
आणि जलपर्णी? भीमेत आमच्याकडे तिचा उच्छाद आहे.

संथपाणी:
जलपर्णी तर किसुमूची रोजची काळजी आहे. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती १९८० च्या दशकाच्या शेवटी या सरोवरात दिसू लागली आणि १९९८ च्या सुमारास तिने आखात झाकून टाकले. तिला खाणारे सोंडकिडे सोडल्यावर ती बरीच कमी झाली, पण पाण्यात सांडपाणी येत असल्याने पुन्हा पुन्हा वाढते. मी होतो त्या दुसऱ्या सकाळी वारा फिरला आणि रात्रीतून डुंग्याचे पाणी हिरवेगार होऊन गेले. होड्या काठापासून जेमतेम शंभर पावलांवर अडकल्या होत्या. माणसे वल्ह्यांनी ती जाड चटई फोडत होती, बर्फ वितळत होता आणि काठावर बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या. दोन तासांनी पहिली होडी आली.

दवाखान्यातून:
मी वैद्यकीय व्यवसायात आहे, म्हणून एक सूचना नोंदवणे माझे कर्तव्य समजते. या सरोवराच्या काठच्या उथळ पाण्यात शिस्टोसोमा नावाच्या कृमीचा प्रादुर्भाव मोठा आहे. त्या रोगाला तिकडे बिल्हार्झिया म्हणतात. पाण्यातल्या गोगलगाईंतून निघालेली त्याची सूक्ष्म पिल्ले न जखम करता माणसाच्या कातडीतून आत शिरतात. गुडघाभर पाण्यात उतरून छायाचित्र काढून घेणे एवढेही त्याला पुरते. पाय भिजलेच तर लगेच खसखसून पुसावेत, आणि परतल्यावर काही आठवड्यांनी लघवी, शौच व रक्ताची तपासणी करून घ्यावी. प्राझिक्वांटेल या औषधाने तो बरा होतो, परंतु निदान व्हायला हवे. आपल्या डॉक्टरांना हा रोग सहसा सुचत नाही, म्हणून प्रवासाचा उल्लेख स्वतःहून करावा. जाता जाता सांगते, भारतात या रोगाचे जे एकमेव ज्ञात ठिकाण वैद्यकीय ग्रंथांत नमूद आहे, ते रत्नागिरी जिल्ह्यातले गिमवी हे गाव आहे. मलेरियाची प्रतिबंधक औषधे विसरू नयेत. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस घ्यावी, कारण प्रमाणपत्राशिवाय केनियाहून भारतात परतल्यास विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.

संथपाणी:
डॉक्टर, मनापासून आभार. गिमवीचा उल्लेख मला सर्वस्वी नवा आहे. काठावर मुले दिवसभर त्याच पाण्यात असतात, कपडे तिथेच धुतले जातात, पिण्याचे पाणीही कित्येक ठिकाणी तिथूनच भरले जाते. आपल्याला पाय कोरडे ठेवता येतात, त्यांना ठेवता येत नाहीत.

ओटीवरून:
एका विषयावर आपण लिहिले नाही, ते जाणूनबुजून टाळले का, असे विचारते. त्या किनाऱ्यांवर मासळी मिळवण्यासाठी बायकांना मासेमारांशी शरीरसंबंध ठेवावे लागतात, असे मी वाचले होते.

संथपाणी:
टाळले होते, कारण पाच दिवसांच्या पाहुण्याने त्यावर बोलावे की नाही, हे मला ठरवता येत नव्हते. आपण विचारले म्हणून लिहितो. त्या प्रथेला तिथे ‘जाबोया’ म्हणतात. होडी पुरुषाची, जाळे पुरुषाचे, आणि विकणारी बाई. मासळी कमी झाली की कोणत्या बाईला माल द्यायचा हे होडीवाला ठरवतो आणि तिथून ही अडवणूक सुरू होते. या काठावरच्या जिल्ह्यांत एचआयव्हीचे प्रमाण केनियात सर्वाधिक असण्यामागे हेही एक कारण मानले जाते. यावर उपदेशाने काही झाले नाही. २०११ मध्ये न्याकाच भागातल्या न्दुरू बीचवर बायकांनी मदत मिळवून स्वतःच्या होड्या बांधून घेतल्या आणि पुरुषांना मजुरीवर ठेवले, तेव्हा ज्यांच्या होड्या होत्या त्यांना कोणाकडे जावे लागले नाही. पुढे होड्या जुन्या झाल्या, २०२० मध्ये सरोवराची पातळी विक्रमी चढून तो किनाराच पाण्याखाली गेला आणि बायकांना घरे सोडावी लागली. म्बिट्यातल्या एका मामाने मला विचारले होते, “तुमच्याकडे होडी कोणाच्या नावावर असते?” मी गप्प राहिलो, कारण आपल्याकडेही ती बहुतेक पुरुषाच्याच नावावर असते.

खाडीपलीकडे:
हे खरे आहे. आमच्या घरी म्हावरे विकणे, हिशेब आणि पैसा आईच्या हातात होता, पण नौकेच्या कागदावर तिचे नाव कधी आले नाही. तिच्या हातात पैसा असल्याने तिला कोणी अडवू शकले नाही, एवढा फरक मी नक्की सांगेन.

नकाशावेडा:
मिगिंगो बेटावर जाता येईल का? चित्रांत पत्र्यांच्या झोपड्यांनी गच्च भरलेला तो खडक पाहिल्यापासून मनात आहे.

संथपाणी:
जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्ध्या एकराच्या आसपासचा तो खडक आहे, केनिया आणि युगांडा दोघेही त्यावर हक्क सांगतात आणि तिथल्या मासेमारांना आधीच दोन्हीकडच्या पोलिसांशी जुळवून घ्यावे लागते. त्या बेटाला महत्त्व आले ते जवळच्या खोल पाण्यात अजून मोठा म्बुटा मिळतो म्हणून. परदेशी पाहुणा सोबत असला तर होडीवाल्याची अडचण वाढते, आणि ती आपण निघून गेल्यावरही त्याच्याबरोबर राहते.

नाईलकाठी:
मी युगांडात जिंजा येथे काही वर्षे काढली. सरोवरातून पांढरी नाईल जिथे बाहेर पडते ते हे गाव. १९४८ साली महात्मा गांधींच्या अस्थींचा काही अंश इथे नदीत विसर्जित केला होता. काठावर त्यांचा अर्धपुतळा आहे. युगांडाच्या बाजूला २०१७ पासून लहान मासे पकडणाऱ्यांवर सैन्यामार्फत कारवाई झाली. कित्येक होड्या आणि जाळी जाळण्यात आली. मोठा मासा वाढला असे कारखानदार सांगत, पण ज्यांची लहान होडी जळाली ती कुटुंबे माझ्या ओळखीची होती आणि त्यांना दुसरा धंदा मिळाला नाही. आपल्या लेखात कारखान्याचा आणि दलालाचा दोष येतो, पण मासा खरोखरच कमी होतो आहे आणि काठावरची माणसे वाढत आहेत, हेही लिहायला हवे होते.

संथपाणी:
आपला आक्षेप मला मान्य आहे. सरोवरावर दोन लाखांच्या आसपास मासेमार आहेत, आणि त्या सात माशांच्या होडीत चार कुटुंबांचा दिवस होता. बारीक जाळे वापरणारा माणूस नियम जाणत नाही असे नाही; तो मला म्हणाला की मोठ्या डोळ्याचे जाळे टाकून रिकामे परतण्याची ऐपत दलालाचे कर्ज असलेल्याला नसते. म्हणून मला अजूनही वाटते की नियम होडी जाळून पाळले जाणार नाहीत. आधी ते कर्ज सुटायला हवे. डुंग्यात काही जण बचतगट करून स्वतःचा बर्फ विकत घेण्याच्या खटपटीत आहेत. बर्फ हाताशी असेल तर मासा संध्याकाळपर्यंत टिकतो आणि पहिल्या काट्यालाच देण्याची सक्ती उरत नाही.

तिसऱ्या किनाऱ्यावरून:
टांझानियाच्या बाजूने एक भर घालतो. म्वान्झात ओमेनाला ‘दगा’ म्हणतात आणि म्बुट्याला ‘सांगारा’. फेरीबोटींबद्दल सावध राहावे. १९९६ साली ‘बुकोबा’ ही बोट म्वान्झाजवळ बुडून शेकडो माणसे गेली आणि २०१८ च्या सप्टेंबरात उकारा बेटाच्या धक्क्याला लागता लागता ‘न्येरेरे’ उलटली, त्यात २२८ जण दगावले. तेव्हाही बोट क्षमतेपेक्षा अधिक भरली होती. गर्दी दिसली तर पुढची बोट घ्यावी.

ओटीवरून:
मी आणि माझी बहीण ऑगस्टमध्ये माराला येतो आहोत. तीन दिवस हातात आहेत. दोघी बायका, भाषा येत नाही. म्बिट्याला जाणे शक्य आहे का?

संथपाणी:
अवश्य शक्य आहे. माराहून थेट किसुमूला या, एक पहाट डुंग्याला द्या आणि दुसऱ्या दिवशी म्बिटा. ‘ओयावोरे’ म्हणजे सकाळचा नमस्कार आणि ‘एरोकामानो’ म्हणजे आभार, एवढे दोन लुओ शब्द पाठ करून या. ओमेनावरची बंदी ३१ जुलैला संपते, म्हणून ऑगस्टमधल्या अमावास्येची तारीख पाहून दिवस ठरवा. त्याच सुमारास मीही पुन्हा जाणार आहे. जाळ्यावर ओमेना पसरणाऱ्या ज्या मामाशी माझी ओळख झाली, तिने मला बंदीनंतरच्या पहिल्या मालातला एक गोरोगोरो राखून ठेवण्याचे कबूल केले आहे, आणि तो शिगोशीग भरून वर मूठ टाकेन असेही ती म्हणाली आहे. तुम्ही दोघी येणार असाल तर तीन डबे ठेवायला सांगतो.